रात्र न काढणारं फळ

साताऱ्यातल्या आमच्या घरात फळांच्या दोनच जाती होत्या. रात्र काढणारी आणि रात्र न काढणारी. अब्बा बागवान. मोती चौकाच्या अलीकडे त्यांची हातगाडी लागायची. पेरू, चिकू, मोसंबी ही रात्र काढणारी फळं. आज विकली नाहीत तर गोणपाट टाकून झाकायची, सकाळी दागी माल बाजूला काढायचा आणि पुन्हा गाडी लावायची. तुती, जांभूळ ही दुसऱ्या जातीतली. ती संध्याकाळपर्यंत खपली तर नफा, नाही तर गटार. अब्बा अशा फळांच्या वाटेला सहसा जात नसत.

एकदाच गेले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन, महिना एप्रिलचा. महाबळेश्वरला कुणाकडं तरी मयतीला गेले होते, तिथून येताना रासबेरीच्या दोन पाट्या घेऊन एसटीत बसले. स्वस्त मिळाल्या, आणि साताऱ्यात हे फळ कुणाच्या गाडीवर नव्हतं, म्हणून मोह झाला. केळघरचा घाट उतरून मेढ्याला गाडी थांबली तेव्हा पाट्यांतून रस ठिबकायला लागला होता. शेजारच्या प्रवाशाचं धोतर रंगलं. कंडक्टर बोलला. घरी आल्यावर पाटीचं फडकं उचललं, तर वरचा थर तेवढा फळांचा, खाली सगळा जांभळा चिखल.

अम्मी काही बोलली नाही. तिनं रेशनची साखर काढली, शेजारून उसनी आणली आणि रात्रभर चुलीवर ते सगळं आटवत बसली. सकाळी सहा-सात बरण्या भरल्या होत्या. अब्बांनी त्या विकल्या नाहीत. आम्ही भाकरीला लावून पाऊसभर खाल्ल्या. अब्बांचे पैसे बुडाले ते बुडालेच.

या रात्रीची आठवण मला पुन्हा झाली ती २०२३ सालच्या उन्हाळ्यात, स्कॉटलंडमध्ये. माझा भाचा डंडी शहरात नोकरीला आहे. त्याच्याकडं सहा आठवडे राहायला गेलो होतो. त्याच्या घराच्या मागच्या बाजूला चार पावलांचं अंगण आहे आणि त्यात तीन मोठ्या कुंड्यांत रासबेरी लावलेली. जुलैचा महिना, फळं पिकत होती. मी सवयीनं एक तोडलं, तर दांड्याशी पांढरा गाभा राहिला आणि हातात पोकळ टोपी आली. अब्बांच्या पाट्यांचं काय झालं ते तेव्हा कळलं. ब्लॅकबेरी नावाची हिची बहीण आहे, ती गाभ्यासकट तुटते. रासबेरी गाभा झाडावर सोडून येते. आतून पोकळ, बाहेरून पन्नासएक रसाळ मणी एकमेकांना नुसते चिकटलेले. असलं फळ दुसऱ्याचं ओझं काय सोसणार? या एका पोकळीतून रासबेरीचा सगळा इतिहास घडला आहे, असं मी म्हणतो.

फळ युरोपातलं जुनं. रोमन लेखक प्लिनीनं इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलं की, ग्रीक लोक याला इडा डोंगरावरची काटेरी झुडूप म्हणतात. इडा नावाचे डोंगर दोन आहेत. एक क्रीट बेटावर आणि एक आजच्या तुर्कस्तानात, ज्याला तिथले लोक काझ दाग म्हणतात. १७५३ साली लिनिअसनं वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली तेव्हा तोच धागा धरून याला ‘रुबस इडिअस’ म्हटलं. इंग्लंडात १६२९ साली जॉन पार्किन्सननं बागेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात लाल आणि पांढरी अशा दोन्ही रासबेरी आहेत. म्हणजे तोवर ती रानातून परसात आली होती. पण परसातच राहिली. घरच्यांनी तोडावी, घरच्यांनी खावी. बाजाराला ती परवडणारी नव्हती. कारण तेच, रात्र काढत नाही.

आपल्या महाबळेश्वरच्या रानातली रासबेरी म्हणजे हिची चुलतबहीण. ‘रुबस निव्हिअस’ तिचं नाव. निव्हिअस म्हणजे बर्फासारखी, तिच्या फांद्यांवर पांढरी लव असते म्हणून. जुन्या वनस्पतिग्रंथांत तिचं मराठी नाव गौरीफळ असं नोंदलेलं आहे. फळ पिकलं की काळपट जांभळं होतं. ही आपली गौरी अंगानं चिवट. विसाव्या शतकात माणसांनी तिला दूर पॅसिफिक समुद्रातल्या गॅलापागोस बेटांवर फळासाठी नेलं, आणि आता ती तिथली रानंच्या रानं गिळत चालली आहे. तिला उपटायला सरकारी माणसं लागतात. केळघरच्या घाटात एक रात्र टिकत नाही आणि तिकडे हटत नाही!

तर, परसातली रासबेरी बाजारात कशी आली? जे अम्मीनं केलं तेच ब्रिटननं केलं. साखर काढली. १८७४ साली ब्रिटिश सरकारनं साखरेवरचा कर पूर्ण उठवला आणि साखर गरिबाच्या घरात पोचली. त्यापाठोपाठ मुरंब्याचे, म्हणजे जॅमचे कारखाने वाढले. कामगाराच्या पावावर लोण्याऐवजी जॅम आलं, कारण ते स्वस्त. या जॅमच्या भानगडीही पुष्कळ. स्वस्त रासबेरी जॅममध्ये सलगमचा गर घालतात आणि फळ खरं वाटावं म्हणून त्यात बारीक बिया मिसळतात, अशी ओरड त्या काळी होती. भेसळ ही काही आपल्याच बाजाराची मक्तेदारी नाही, हे ऐकून मला उगीच बरं वाटलं.

डंडी शहराची ओळख तिकडे तीन शब्दांत सांगतात: ज्यूट, जॅम आणि जर्नालिझम. तिन्ही ज. ज्यूट आपल्या बंगालातून जायचं, तिथल्या गिरण्यांत त्याची पोती विणली जायची. जॅमसाठी फळ मात्र जवळचं हवं होतं. डंडीपासून तासाभराच्या अंतरावर एरिक्ट नदीकाठी ब्लेअरगॉरी नावाचं गाव आहे. हवा थंड, उन्हाळ्यात प्रकाश रात्री दहापर्यंत, माती किंचित आंबट आणि निचऱ्याची. १९०० सालाच्या आसपास तिथल्या हॉज नावाच्या वकिलानं रासबेरीची शेती मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. बघता बघता खोऱ्यातले शेतकरी त्या नादाला लागले आणि ब्रिटनमधली बहुतांश रासबेरी याच भागातून यायला लागली. गर लाकडी पिंपांत भरून जॅमच्या कारखान्यांना जायचा. ताजं फळ त्याच रात्री आगगाडीत चढवायचे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तर लंडनच्या बाजारासाठी खास रासबेरीची गाडी सुटत असे. लोक तिला ‘रासबेरी स्पेशल’ म्हणत. अब्बांना ही गाडी दाखवायला हवी होती.

पण फळ तोडायचं कुणी? रासबेरी एकदम पिकत नाही. आज चार, उद्या सहा, असं महिनाभर चालतं. एकेक फळ चिमटीत धरून, न दाबता, उतरवायचं. जुलै महिन्यात त्या छोट्या गावाला हजारोंनी हात लागायला लागले. ग्लासगो आणि डंडीच्या चाळींतल्या बायका पोरांना घेऊन यायच्या. गिरणीतल्या धुळीतून चार दिवस बाहेर, आणि शाळा उघडायच्या आधी पोरांच्या बुटांचे पैसे सुटायचे. एसेंडी नावाच्या जागी त्यांच्यासाठी पत्र्याच्या घरांची वसाहतच उठली. तिचं नाव पडलं ‘टिन सिटी’. कमरेला सुतळीनं छोटी बादली बांधायची, दोन्ही हातांनी तोडायचं, बादली भरली की काट्यावर. मजुरी वजनावर. मग वजन वाढवायच्या युक्त्या आल्याच. तळाशी खडा टाकायचा, पाणी शिंपडायचं, आणि काही आणखी, जे रेडिओवर सांगता येत नाही.

आणि या चाळकऱ्यांच्या बरोबरीनं यायचे ते भटके. स्कॉटलंडचे ट्रॅव्हलर लोक. कल्हई-पत्र्याची कामं करणारे, नदीतल्या शिंपल्यांतून मोती शोधणारे, तंबू घेऊन गावोगाव फिरणारे. गाववाले त्यांना ‘टिंकर’ म्हणायचे. तो शब्द शिवीसारखा वापरला जायचा. पोलीस त्यांना एका जागी टिकू देत नसत. सरकारनं त्यांना ‘स्थिर’ करण्याच्या नावाखाली मोडक्या झोपड्यांत ठेवलं, पुष्कळांची मुलं काढून घेतली. या सगळ्याबद्दल स्कॉटलंडच्या सरकारनं जून २०२५मध्ये जाहीर माफी मागितली. आपल्याकडे १८७१ साली ज्या साम्राज्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, ते घरच्या भटक्यांशीही याच नजरेनं वागत होतं. वर्षातले अकरा महिने ज्यांना हाकलायचं, त्यांचीच जुलैमध्ये गावाला वाट बघावी लागे. रासबेरी थांबत नव्हती ना.

आता मी माझ्या आवडीच्या ठिकाणी आलो आहे, तेव्हा थोडा रेंगाळतो. या ब्लेअरगॉरीत १९१९ साली हॅमिश हेंडरसन नावाचा मुलगा जन्माला आला. पुढे तो कवी झाला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढला आणि परत येऊन दोन्ही बाजूंच्या मेलेल्या सैनिकांवर त्यानं विलापिका लिहिल्या. १९५१ साली एडिनबरा विद्यापीठात स्कॉटिश लोकविद्येचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली, तिथं हा गाणी गोळा करायला लागला. त्याच्या कानावर एक गाणं आलं. रासबेरीच्या मळ्यात कोण कोण तोडणीला येतं, कुठून कुठून येतं, याचं गाणं. सगळे गात होते, रचलं कुणी ते माहीत नव्हतं. लोकगीत म्हणून सोडून देता आलं असतं. आपण तेच करतो. ओव्या आपल्या, ओवी रचणारी मात्र कुणी नाही.

हेंडरसननं मॉरिस फ्लेमिंग नावाच्या स्थानिक तरुणाला सांगितलं, शोध. फ्लेमिंग मळ्यांतून विचारत फिरला आणि १९५४ साली एका घराच्या दारात जाऊन उभा राहिला. आत होती बेल स्टुअर्ट. १९०६ साली ट्रॅव्हलर कुटुंबात, टे नदीच्या काठी जन्मलेली बाई. तिचा बाप तिच्या लहानपणीच गेलेला. ती म्हणाली, गाणं माझंच आहे, मीच रचलंय. आणि तिच्याकडं हे एकच गाणं नव्हतं. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची गाणी, कहाण्या, कोडी भरून ठेवलेली होती. तिचा नवरा अ‍ॅलेक पाइप वाजवायचा, मुली गायच्या.

१९५५च्या उन्हाळ्यात हेंडरसन स्वतः टेपरेकॉर्डर घेऊन तोडणीवाल्यांच्या तळावर जाऊन राहिला. रात्री शेकोट्या पेटायच्या, एकाचं संपलं की दुसरा सुरू करायचा. शेकडो वर्षांची जुनी कथागीतं, जी पुस्तकात छापून मेली असं विद्वान समजत होते, ती इथं पोरं-सोरं म्हणत होती. नायगाराच्या धबधब्याखाली पत्र्याचा डबा धरून उभं राहावं तसं ते होतं, असं त्यानं पुढे सांगितलं. डबा किती भरणार!

मला या गोष्टीत एक साधं गणित दिसतं. हे भटके एरवी विखुरलेले असत. वर्षातून एकदा, महिनाभर, एका जागी ते एकत्र येत, कारण एक फळ असं होतं की जे हातानंच तोडावं लागे आणि लगेच तोडावं लागे. रासबेरी रात्र काढणारी असती तर हेंडरसनला त्या शेकोट्या एका जागी मिळाल्या नसत्या. बेल स्टुअर्टला १९८१ साली ब्रिटिश सरकारचं पदक मिळालं. तिची मुलगी शीला १९८२ साली ग्लासगोला पोपच्या सभेत गायली. तिला मी फक्त ध्वनिमुद्रणातून ऐकलं आहे. भाषा निम्मी कळत नाही. आवाज मात्र आमच्या गल्लीतल्या बोहारणीसारखा, लांबून ओळखू येणारा.

पुढे मळ्यांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. रासबेरीला रोग फार. मावा एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला देतो आणि सगळी जातच खंगत जाते. ‘लॉइड जॉर्ज’ नावाची, पंतप्रधानाच्या नावाची एक नामी जात १९१९ साली बाजारात आली होती. तीही अशीच खंगली. मग कळलं की न्यूझीलंडला नेलेली तिचीच रोपं ठणठणीत आहेत. ती परत आणली. परदेशी गेलेला पोरगा धडधाकट परतावा तशी ती आली आणि तिच्यापासून पुढच्या कित्येक जाती निघाल्या. डंडीजवळच्या संशोधन केंद्रानं १९८१ साली ‘ग्लेन मॉय’ आणि ‘ग्लेन प्रोझेन’ या बिनकाट्याच्या जाती काढल्या. तोडणाऱ्यांच्या हातावरचे ओरखडे गेले. पण तोवर मुळं कुजवणारी बुरशी जमिनीतच बसली. म्हणून आता तिथले पुष्कळ शेतकरी जमीन सोडून प्लॅस्टिकच्या बोगद्याखाली, कुंड्यांत रासबेरी वाढवतात. आणि कुंडीत घालतात काय, तर नारळाचा भुसा, आपल्या दक्षिणेतला नाही तर श्रीलंकेतला. माझ्या भाचेसुनेच्या कुंडीशेजारी पडलेल्या पिशवीवरही ‘प्रॉडक्ट ऑफ इंडिया’ होतं. पूर्वी आपला ताग जायचा, आता काथ्याचा भुसा जातो.

तिनंच मला ही लागवड शिकवली. हात-दीड हात रुंदीची कुंडी, खाली भोकं, निचरा पक्का. पाणी शक्यतो पावसाचं, कारण चुन्याच्या पाण्यानं पानं पिवळी पडतात. झुडपाला बांबूचा आधार. ही उन्हाळी रासबेरी मोठी विचित्र चालीची. मुळं वर्षानुवर्षं जगतात, पण वर येणारी छडी दोनच वर्षांची. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते, हिवाळा सोसते, दुसऱ्या उन्हाळ्यात फळते आणि मरते. म्हणून फळलेल्या छड्या ऑगस्टमध्ये जमिनीलगत कापायच्या आणि त्याच साली उगवलेल्या हिरव्या छड्या, वीतभर अंतर ठेवून, बांधायच्या. कात्री माझ्या हातात दिली तेव्हा माझा हात चालेना. काल ज्या छडीवरून ओंजळभर फळं काढली तिलाच कापायचं? सून म्हणाली, “मामू, ती तशीही गेलीच. तुम्ही नव्यांचा उजेड अडवून धरलाय.” मी कापली.

परत आल्यावर हौस आली. एका रोपवाटिकेतून रासबेरीची दोन रोपं मागवली. आपल्या हवेत हमखास फळ, असं त्यांनी छातीठोक सांगितलं होतं. साताऱ्याच्या गच्चीवर सगळं तिनं शिकवल्याप्रमाणं केलं. छड्या माझ्या डोक्याच्या वर गेल्या. पानं झकास. दुसरा उन्हाळा आला आणि गेला, कळी नाही. मग वाचून कळलं. या उन्हाळी जातींना फुलायच्या आधी थंडी लागते. सात अंशांखालचे आठशेहून जास्त तास. साताऱ्यात तेवढी थंडी साठायला किती हिवाळे लागतील, हिशेब करवत नाही. फोनवर सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, “मामू, आधी मला विचारायचं होतं.” आता एका कुंडीत पुदिना आहे.

निघायच्या आदल्या दिवशी भाच्यानं मला ब्लेअरगॉरीला नेलं होतं. एसेंडीची पत्र्याची वसाहत कधीच गेली. परतीच्या बसथांब्यावर दोन पोरं उभी होती, बोटं लालजांभळी. ब्रिटननं अलीकडे हंगामी व्हिसा सुरू केल्यापासून तोडणीला मध्य आशियातले लोक मोठ्या संख्येनं येतात. ही किरगिझस्तानची होती. मी सलाम केला, त्यांनी वालेकुम म्हटलं. फळाला ते ‘मालिना’ म्हणतात. दिवसाला किती किलो, खोलीचं भाडं किती कापतात, असं मोडक्या इंग्रजीत बोलणं झालं. मी विचारलं, काम करताना कुणी गातं का? मोठ्या पोरानं कानातल्या बोंडाकडं बोट दाखवलं. मग जरा थांबून म्हणाला, आमच्या ओळीत ओशची एक बाई आहे, ती गाते. कुणाची गाणी? तो हसला. “तिची तीच करते,” म्हणाला.

तेवढ्यात बस आली.